समुद्र चित्रात राहिला

ब्रीच कँडीला भरती पाहायला गेलेल्या माणसाला आता आधी रस्ता दिसतो आणि मग समुद्र. मार्च 2024 मध्ये मुंबईच्या सागरी किनारा मार्गाचा पहिला टप्पा खुला झाला. या मार्गासाठी समुद्रात तब्बल 111 हेक्टर भराव घातला गेला. वरळीहून मरीन ड्राइव्हला आता झटकन पोचता येतं, हे कुणी नाकारणार नाही. पण ज्यांच्या बैठकीत हाजी अलीच्या भरतीचं एखादं जुनं जलरंगचित्र टांगलेलं आहे, त्यांच्यासाठी ते चित्र बदलून गेलं. इतकी वर्षं त्याच्याखालून चपला घालत बाहेर पडणारी माणसं आता क्षणभर थबकतात.

निसर्गचित्र पाहताना मनात नेमकं काय होतं, याला मुंबईत मोठा इतिहास आहे. 1857 साली जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं, 1888 साली बॉम्बे आर्ट सोसायटी आली. पुढची कित्येक वर्षं पदकं, वार्षिक प्रदर्शनं आणि गव्हर्नरसाहेबांच्या भेटी यांतच गेली. त्यांच्या याद्या चाळताना जांभई येते. थांबावं ते दोन नावांपाशी. पहिले कोल्हापूरचे आबालाल रहिमान. शाहू महाराजांनी आश्रय दिलेल्या या माणसाने रंकाळा तलावाच्या पाण्याकडे इतकं एकाग्रतेने पाहिलं, की त्यांनी रंगवलेला तिथला संध्यामठ ठाऊक असलेल्या कोल्हापूरकराला खरा संध्यामठसुद्धा त्यांच्याच रंगांत दिसू लागतो. दुसरे सावंतवाडीचे सा. ल. हळदणकर. हातात दिवा धरलेल्या त्यांच्या मुलीचं, म्हैसूरच्या संग्रहात असलेलं चित्र घरोघरी पोचलं, आणि अनेक घरांत ते रविवर्म्याचं म्हणून ओळखलं गेलं. जलरंगाचे ओघळ मुठीत ठेवणाऱ्या हळदणकरांची निसर्गचित्रं मात्र फारच थोड्यांनी पाहिली.

चाळिशीच्या दशकात चित्रकार रझांनी मुंबईचे रस्ते आणि पाऊस जलरंगात रंगवले. 1950 साली ते फ्रान्सला गेले. 2023 साली लिलावात त्यांचं एक चित्र पन्नास कोटींच्या वर गेलं, पण ‘रझा’ म्हटलं की लोकांना बिंदू आठवतो. त्यांची ओली मुंबई आठवणारे विरळाच.

मग येतं नव्वदचं दशक. तिथे रेंगाळणं भाग आहे.

तेव्हा जहांगीर कलादालनात मंगळवारी नवं प्रदर्शन लागायचं आणि सोमवारी उतरायचं. तिकीट नव्हतं. फोर्टातल्या कचेऱ्यांमधून सुटलेले कारकून, पावसात अडकलेल्या बायका, जे. जे.ची पोरं, सगळे आत यायचे. व्हरांड्यातल्या ‘समोवार’ कॅफेमध्ये एका चहावर तासभर बसता यायचं. प्रस्तुत लेखकाला एक दुपार पक्की आठवते. घाटातल्या पावसाळी गावाचं एक जलरंगचित्र होतं. कौलं करडी, झाडं ओल्यावर ओला रंग सोडून विरघळवलेली, आणि मधोमध चिखलाचा रस्ता. त्या रस्त्यावर बोटभर रुंदीचा पट्टा चित्रकाराने रंगवलाच नव्हता. कोरा कागद तसाच सोडला होता. तेच पाणी, तोच पावसानंतरचा उजेड. खांद्याला ऑफिसची पर्स लावलेली एक बाई त्या पट्ट्यासमोर बराच वेळ उभी होती. निघताना तिने अभिप्रायवहीत एकच ओळ लिहिली: आजोळच्या वाटेवर उभी राहून आले.

तिने जे लिहिलं ते अक्षरशः खरं होतं. जागेवर बसून केलेल्या चित्रात क्षितिजरेषा चित्रकाराच्या डोळ्यांच्या उंचीवर येते. त्यामुळे चित्रापुढे येणारा नकळत चित्रकाराच्या जागी उभा राहतो आणि वाट त्याच्या पायांपासून सुरू होते. जे. जे.त पहिल्या वर्षाच्या पोरांना आउटडोअरला नेऊन हेच शिकवत.

पण त्या दशकात बोलबाला होता तो वेगळ्याच शहाणपणाचा. एका वृत्तपत्रातल्या समीक्षकाने अशा चित्रांना ‘कॅलेंडर’ म्हणून निकालात काढलं आणि ते विशेषण साथीसारखं पसरलं. आजोळ आठवणं हा भाबडेपणा ठरला. निसर्गचित्र आवडलं तर ते हळू आवाजात सांगायचं, अशी पाळी आली. त्याच सुमारास नव्या कंपन्यांनी रिसेप्शनसाठी चित्रं घ्यायला सुरुवात केली, सोफ्याच्या रंगाला साजेशी. वाईट निसर्गचित्रं ढिगाने निघाली, हे मान्यच करायला हवं. पण त्या ढिगाखाली चांगली चित्रं गाडली गेली आणि ती पाहून हलणारा माणूस ओशाळवाणा झाला, हा अन्याय होता. तो तेव्हा कुणी स्पष्टपणे बोलून दाखवला नाही.

अमूर्त चित्रकार गायतोंड्यांचं उदाहरण घ्या. आपल्या चित्रांत कुठलीही वस्तू नाही, असं ते म्हणत, आणि त्यांचा शब्द प्रमाण. पण त्यांच्या कॅनव्हाससमोर उभं राहणाऱ्या साध्या माणसाला पहाटेचं धुकं किंवा ओहोटीचं पाणी आठवतं. 2013 साली मुंबईच्या लिलावात त्यांचं चित्र 23 कोटींवर गेलं, तेव्हा त्या धुक्यावर सगळे आदराने बोलले. आजोळच्या रस्त्यावरचा उजेड पाहून हललेल्या बाईला तो आदर कधी मिळाला नाही. दोन्हीकडे मनात होणारी हालचाल एकाच जातीची आहे.

2015 साली ‘समोवार’ बंद झालं. जहांगीर चालू आहे, मंगळवारी चित्रं लागतात आणि प्रवेश आजही मोफत आहे. माणसंही येतात, पण पाठ चित्राकडे करून फोटो काढतात आणि पुढच्या चित्राकडे वळतात. कोऱ्या सोडलेल्या कागदाचा उजेड फोटोत येत नाही. मोबाइल त्याला भगभगीत पांढरं करून टाकतो. त्यासाठी समोर उभंच राहावं लागतं.

आणि आता तर त्या चित्रांतल्या जागाच संपत चालल्या आहेत. गिरण्यांच्या चिमण्या गेल्या, घाटातले रस्ते चौपदरी झाले, समुद्र मागे सरला. एके काळी ‘कॅलेंडर’ म्हणून हिणवलेल्या किती चित्रांत त्या जागांचा शेवटचा उजेड उरला असेल, याची मोजदाद कुणी केलेली नाही. त्यांतली बरीच चित्रं सार्वजनिक संग्रहात नाहीत. ती आहेत दादर, गिरगाव, कोल्हापूर, नाशिकच्या घरांत, चित्रकारांच्या वारसांच्या माळ्यांवर.

असं एखादं चित्र तुमच्या घरी असेल तर ते उन्हाच्या भिंतीवरून आजच काढा, जलरंग उन्हात उडतात. मग फ्रेम उलटी करा. पाठीवर जागेचं नाव आणि साल नसेल, तर घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारा आणि पेन्सिलने लिहून ठेवा.