कुंपण शेत राखतं की खातं?

आर्णी रोडवर माझ्या पुतण्याचं दुकान आहे. झेरॉक्स, सातबारा, पीक विम्याचे अर्ज आणि लग्नसराईत पत्रिका. यंदा फवारणीच्या दिवसांत घाटंजीकडचे एक शेतकरी तिथे आले आणि मोबाइल पुढे करून म्हणाले, "सकाळी पंप पाह्यला, घेतला नाही. तवापासून जिकडं बोट लावाव तिकडं पंपच दिसून राह्यला." पुतण्या हसला. "म्हून तं म्या कॉम्प्युटरवर ॲडब्लॉकर टाकला, काकाजी. आता मले कोणी पाहू शकत नाही."

पुतण्याचं ते शेवटचं वाक्य मला खटकलं, म्हणून हा लेख.

पंप विकणारं पान उघडलं की फक्त दुकानदाराशी गाठ पडत नाही. त्या पानात जाहिरात कंपन्यांच्या कोडचे तुकडे बसवलेले असतात. ते आपापल्या मालकाला वर्दी देतात आणि आपल्या ब्राउझरमध्ये एक चिठ्ठी ठेवून जातात. ही चिठ्ठी म्हणजे कुकी. १९९४ मध्ये नेटस्केपच्या लू मोंटुली यांनी ती शोधली, तेव्हा हेतू साधा होता: वेबसाइटला आधीचा ग्राहक ओळखता यावा. पण एकच जाहिरात कंपनी हजारो वेबसाइटींवर बसली की तीच चिठ्ठी ती सगळीकडे वाचते. सकाळी पंप, दुपारी सोयाबीनचा भाव, रात्री मूळव्याधीवरचं औषध, सगळं एकाच खात्यावर चढतं.

ब्लॉकरचं काम नाक्यावरच्या शिपायासारखं. त्याच्याकडे याद्या असतात. त्यांतली 'ईझीलिस्ट' २००५ पासून चालू आहे. पानाने यादीतल्या पत्त्याकडे काही मागितलं की तो मागणी बाहेरच जाऊ देत नाही. हे खरोखर चालतं. पान हलकं होतं, डेटा वाचतो, पाठलाग करणाऱ्यांची मोठी फौज बाहेर राहते. रेमंड हिल यांनी २०१४ मध्ये आणलेलं 'युब्लॉक ओरिजिन' मला यातलं सर्वांत सचोटीचं वाटतं. हे गृहस्थ देणगीसुद्धा घेत नाहीत. मात्र गुगलने क्रोममधल्या एक्स्टेन्शनचे, म्हणजे असे ब्लॉकर ज्या रूपात ब्राउझरला जोडतात त्या छोट्या प्रोग्रामचे, नियम बदलले आणि ते तिथून हद्दपार झालं. क्रोमवर त्याची 'लाइट' आवृत्ती उरली, पूर्ण ताकदीचं फायरफॉक्सवर चालतं. जगातली सर्वांत मोठी जाहिरात कंपनीच सर्वांत लोकप्रिय ब्राउझरची मालक आहे, एवढं ध्यानात ठेवलेलं बरं.

आता यादीत नसलेल्यांचं काय? चिठ्ठी न ठेवताही माणूस ओळखता येतो. स्क्रीनचा आकार, ब्राउझरची आवृत्ती, टाइम झोन, कॉम्प्युटरवरचे फॉन्ट हे सगळं जुळवलं की ठसा तयार होतो. अमेरिकेतल्या 'इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन'ने २०१० मध्ये सुमारे पावणेपाच लाख ब्राउझर तपासले, तेव्हा ८३.६ टक्क्यांचा ठसा एकमेवाद्वितीय निघाला. पुतण्याच्या कॉम्प्युटरवर पत्रिकांसाठी श्रीलिपी आहे, सरकारी मजकुरासाठी कृतिदेव आहे. असे फॉन्ट असलेली यंत्रं जगाच्या गर्दीत किती असतील? आपली मराठीच आपली चुगली करते म्हणायची!

गंमत म्हणजे याच संस्थेचं 'प्रायव्हसी बॅजर' हे एक्स्टेन्शन तुमच्या वापरावरून पाठलाग करणारे ओळखायला शिकायचं. हे शिकणंच प्रत्येकाचं वेगळं असल्याने त्यावरूनही माणूस ओळखता येऊ शकतो, असं गुगलच्या सुरक्षा पथकाने दाखवून दिलं आणि २०२० मध्ये संस्थेने ती सोय मुळात बंद ठेवायला सुरुवात केली. चूक कबूल करून दुरुस्त करणारे विरळाच.

याउलट वागणारी मंडळीही आहेत. एक्स्टेन्शन टाकताना 'सर्व वेबसाइटींवरचा तुमचा डेटा वाचणे व बदलणे' अशी परवानगी मागितली जाते आणि आपण न वाचता होकार देतो. 'वेब ऑफ ट्रस्ट' हे एक्स्टेन्शन कोणती वेबसाइट भरवशाची ते सांगायचं. वापरणाऱ्यांची ब्राउझिंगची माहिती त्याच्याकडून बाहेर विकली जाते, हे २०१६ मध्ये जर्मनीच्या एनडीआर वाहिनीने उघड केलं. ॲव्हास्ट तर अँटिव्हायरसवाली कंपनी. पाठलाग थांबवतो असं सांगून गोळा केलेली माहिती तिने 'जंपशॉट' या आपल्याच उपकंपनीमार्फत विकली. २०२४ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने तिला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. रोही-रानडुकरांसाठी कुंपण घालावं आणि कुंपणानेच पऱ्हाटी खावी, तशातली गत.

आणि घाटंजीच्या त्या शेतकऱ्यांच्या हाताशी यातलं एकही एक्स्टेन्शन नव्हतं. त्यांच्याकडे कॉम्प्युटर नाही. अँड्रॉइड फोनवरच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन टाकायची सोयच नाही. फायरफॉक्सने डिसेंबर २०२३ पासून फोनवर ती मोकळी केली, पण ते आमच्याकडे फार कुणाच्या फोनमध्ये दिसत नाही. शिवाय फोनवरचं बरंच काम ॲपमधून होतं आणि ब्राउझरमधलं एक्स्टेन्शन ॲपला अडवू शकत नाही. जून २०२५ मध्ये युरोपातल्या संशोधकांनी आणखी एक प्रकार उघडकीस आणला. फोनच्या ब्राउझरमध्ये उघडलेल्या पानातला फेसबुकवाल्या मेटाचा कोड त्याच फोनवरच्या फेसबुक-इन्स्टाग्राम ॲपला आतल्या आत निरोप देत होता. इन्कॉग्निटो वापरा, कुकी पुसा, उपयोग नाही. बोभाटा झाल्यावर मेटाने ते थांबवलं.

कायदा आलाय. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ चे. दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये. अंमल टप्प्याटप्प्याने होणार, तोवर राखण आपली आपणच करायची.

त्या शेतकऱ्याच्या फोनच्या सेटिंगमध्ये मी जाहिरात ओळख क्रमांक पुसला, नको त्या ॲपची लोकेशनची परवानगी काढली आणि फायरफॉक्समध्ये युब्लॉक टाकून दिलं. पंप सगळीकडून जाईल असं वचन मात्र दिलं नाही. मग पुतण्याच्या कॉम्प्युटरवरची एक्स्टेन्शनची यादी उघडली. पीडीएफ जोडणारी, कूपन शोधणारी, हवामान दाखवणारी, एक तर कशासाठी टाकली ते त्यालाच आठवेना. अकरा होती. दोन ठेवली.