जुन्या डेस्कटॉपला नवा भाग चालेल का?

दहा-बारा वर्षांचा डेस्कटॉप संथ झाला, की ‘रॅम वाढवा’ हा सल्ला हमखास मिळतो. मात्र दुकानातली नवी रॅम त्यात बसेलच असे नाही. म्हणून खरेदीआधी मदरबोर्डचे मॉडेल पाहावे. विंडोजमधील ‘सिस्टिम इन्फर्मेशन’मध्ये ‘बेसबोर्ड प्रॉडक्ट’समोर ते बहुतेक वेळा दिसते. त्याला कोणता प्रोसेसर व किती रॅम चालते, हे कंपनीच्या संकेतस्थळावर तपासावे.

डीडीआर ३ रॅमला २४० पिना असतात, डीडीआर ४ ला २८८. दोन्हींची खाच वेगळ्या जागी असते. जोर लावून बसवू गेल्यास स्लॉटच तुटण्याची भीती. प्रोसेसरचेही तसेच: इंटेलच्या तिसऱ्या पिढीचे सॉकेट एलजीए ११५५, तर चौथ्या पिढीचे ११५०.

ग्राफिक्स कार्डाला स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट वीज मिळते. त्याहून अधिक लागत असेल, तर एसएमपीएसची क्षमता आणि जादा वायर आहे का, ते पाहावे.

सर्वांत कमी जोखमीचा बदल म्हणजे अडीच इंची साटा एसएसडी. जुन्या साटा २ जोडणीवर तिचा वेग अर्ध्यावर येतो, तरी हार्ड डिस्कपेक्षा फरक लगेच जाणवतो.

खर्चाला मर्यादा मात्र हवी. विंडोज १० ची नियमित सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि इतके जुने प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत. ही अडचण रॅम वाढवून सुटत नाही.