तुकोबांचे अभ्यासक बिशप

देहू आणि पंढरपूर ही दोन्ही क्षेत्रे कॅथलिक चर्चच्या पुणे धर्मप्रांताच्या हद्दीत येतात. २००९ ते २०२३ या काळात या धर्मप्रांताची धुरा सांभाळणारे बिशप थॉमस डाबरे हे तुकोबांवर संशोधन करून डॉक्टर झालेले. असा योग महाराष्ट्राबाहेर कुठे जुळला नसता.

डाबरे वसईतल्या भुईगावचे. जन्म १९४५चा. वसई म्हटले की आपल्याला किल्ला आणि १७३९चा चिमाजी अप्पांचा विजय आठवतो. पोर्तुगीज गेले, पण तिथले ख्रिस्ती गावकरी आपापल्या वाड्यांत, शेतांत राहिले. घरात सामवेदी, वाडवळी बोलत राहिले. याच वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. अशा मातीतल्या धर्मगुरूने तुकाराम हा विषय घ्यावा, यात नवल नाही. नवल आहे ते त्याने तो किती गांभीर्याने घेतला याचे.

डाबरे यांची गुरुदीक्षा १९७१ची. दुसरी व्हॅटिकन परिषद १९६५ मध्ये संपली होती. लॅटिनची जागा लोकभाषा घेत होत्या, आणि इतर धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही, अशी भूमिका परिषदेने घेतली होती. डाबरे यांच्या पिढीला ही दारे उघडलेली मिळाली. पुण्याच्या ज्ञानदीप विद्यापीठाने १९८७ मध्ये त्यांचा इंग्रजी ग्रंथ प्रकाशित केला. विषय होता तुकोबांचा ईश्वरानुभव आणि त्यातली धार्मिक प्रतीके. विठ्ठल कधी माउली, कधी सखा. पंढरी म्हणजे माहेर. शब्दांत न मावणारा अनुभव संत अशा प्रतिमांतून कसा पोचवतात, हे एक ख्रिस्ती धर्मगुरू अभ्यासत होता.

तुकोबांकडे वळलेले ते पहिले ख्रिस्ती नव्हेत. रेव्हरंड टिळक तुकोबांच्या वाटेनेच ख्रिस्तापाशी आले, असे ते स्वतः सांगत. पण टिळक कवी होते. डाबरे यांच्यावर चर्चच्या शिकवणुकीची जबाबदारी होती. पुढे भारतीय बिशप परिषदेच्या धर्मसिद्धांतविषयक आयोगाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, आणि व्हॅटिकनच्या आंतरधर्मीय संवाद परिषदेचेही ते सदस्य होते. स्वधर्माच्या सिद्धांतांवर पक्की मांड असलेला माणूसच दुसऱ्याच्या संताजवळ निर्धास्तपणे बसू शकतो, असे त्यांच्याकडे पाहून मला ठामपणे वाटते.

१९९० मध्ये ते मुंबईचे साहाय्यक बिशप झाले. १९९८ मध्ये मुंबईपासून वेगळा वसई धर्मप्रांत निर्माण झाला, तेव्हा त्याचे पहिले बिशप म्हणून त्यांची नेमणूक झाली. पापडीचे चर्च त्या धर्मप्रांताचे कॅथेड्रल ठरले. आपल्याच गावकऱ्यांचा पहिला बिशप होण्याचा मान किती जणांना मिळतो! अकरा वर्षांनी पुणे. वसई आटोपशीर आणि एकजिनसी. पुण्यात गोवेकर, तमिळ, मल्याळी आणि खेड्यापाड्यांतले मराठी ख्रिस्ती, सगळे एका छत्राखाली.

वयाची पंचाहत्तरी झाली की बिशपने पोपकडे राजीनामा द्यावा, असा चर्चचा दंडक आहे. तो स्वीकारायचा केव्हा, हे पोप ठरवतात. डाबरे २०२० मध्ये पंचाहत्तर वर्षांचे झाले. निवृत्ती २०२३ मध्ये मिळाली. कारभार सुटतो, दीक्षा सुटत नाही. निवृत्त बिशप मिस्सा अर्पण करतो, प्रवचन देतो, बिशपच राहतो.

गाथा ज्यांच्या घरी नित्य वाचली जाते, त्यांनी डाबरे यांचा तो ग्रंथ मिळवून एकदा जरूर वाचावा.