ओहायोचं वार्तापत्र : आधी मोठ्यांची परीक्षा

कर्जत-३ भाताची लावणी करणाऱ्याला कृषी विद्यापीठ म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. दापोलीच्या विद्यापीठाचं संशोधन केंद्र कर्जतलाच आहे, आणि भिसेगावात वाढलेल्या माझ्यासारखीला ते लहानपणापासून माहीत. मी राहते त्या ओहायो राज्यातही विद्यापीठ असंच शेतापर्यंत पोचलेलं आहे. फरक इतकाच की ते बांधावर थांबलं नाही, शेतकऱ्याच्या मुलांपर्यंत गेलं. वासरू वाढवणं, शिवणकाम, रोबोट बनवणं, फोटो काढणं असं काय वाटेल ते ते मुलांना शिकवतं. त्यातच नेमबाजीही येते, आणि तिथेच आपल्या माणसांच्या भुवया वर जातात.

या चळवळीचं नाव फोर-एच. डोकं, हृदय, हात आणि आरोग्य या चार शब्दांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ते पडलं. याच ओहायोत, क्लार्क काउंटीतल्या स्प्रिंगफील्ड गावी, ए. बी. ग्रॅहम नावाच्या शाळा-अधीक्षकांनी जानेवारी १९०२ मध्ये मुलांना कोर्टाच्या तळघरात जमवलं आणि मका, माती, भाजीपाला यांचे प्रयोग त्यांच्याकडून करवून घ्यायला सुरुवात केली. त्याआधी १८६२ च्या कायद्यानं प्रत्येक राज्याला शेती आणि यंत्रविद्येच्या महाविद्यालयांसाठी जमीन मिळाली होती. पुढे १९१४ च्या कायद्यानं त्यांतून घडलेल्या विद्यापीठांचं ज्ञान गावोगाव नेणारी विस्तार सेवा उभी राहिली, आणि फोर-एच तिचाच भाग झालं. ओहायोत ८८ काउंट्या आहेत. काउंटी म्हणजे आपला तालुका आणि जिल्हा यांच्यामधलं काहीतरी समजा. विद्यापीठाची माणसं तिथे पगारावर असतात, पण ती मोजकीच. मुलांना प्रत्यक्ष शिकवतात ते गावातले स्वयंसेवक: शेतकरी, नर्स, ट्रकचालक, निवृत्त सैनिक. आता त्यांत मीही आहे.

बंदुकीचा विषय इथे साधा नाही. शस्त्र बाळगण्याचा हक्क १७९१ पासून राज्यघटनेत आहे. दुसरीकडे, २०२० पासून या देशातल्या एक ते एकोणीस वर्षांच्या मुलांच्या मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण बंदूक आहे. रस्त्यावरचे अपघातही त्यामागे गेले. माझी मुलं शाळेत गोळीबाराच्या वेळी लपण्याची कवायत करतात. अशा देशात मुलांच्या हाती रायफल देणाऱ्या उपक्रमात मी कशी गेले, असं भिसेगावहून काकूंनी फोनवर विचारलं. प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं की बंदूक या देशातल्या असंख्य घरांत आहेच. माझ्या मुलाचा मित्र ज्या घरात राहतो तिथे ती कपाटात असू शकते. मुलाला तिच्याबद्दल काहीच न सांगणं मला जास्त भीतीचं वाटलं.

सुरुवात मात्र मी धनुष्यबाणापासून केली. एच-वन बी व्हिसावर आलेल्या माणसाला सर्वसाधारणपणे इथे बंदूक बाळगता येत नाही. ग्रीन कार्ड मिळाल्यावर ते बंधन जातं. धनुष्याला असली अट नाही, आणि हवेच्या दाबावर चालणारी एअर रायफल केंद्रीय कायद्याच्या व्याख्येत बंदूक ठरत नाही. नव्यानं आलेल्या मराठी आईबापांना मी हे मुद्दाम सांगते.

शिकवण्यासाठी लागणाऱ्या प्रमाणपत्राची वाट लांब आहे, आणि मला तीच या सगळ्यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. आधी अर्ज, मग ओळखीच्या लोकांची शिफारस, बोटांचे ठसे, गुन्ह्यांच्या नोंदींची तपासणी आणि मुलांच्या सुरक्षिततेचं प्रशिक्षण. मुलाच्या अंगाला हात लावण्याआधी त्याला विचारायचं. एकट्या मोठ्या माणसानं एकट्या मुलाबरोबर राहायचं नाही. हे पार पडल्यावरच शनिवार-रविवारची कार्यशाळा मिळते, तीही एकाच प्रकाराची. तिरंदाजी शिकलात तर फक्त तिरंदाजीच शिकवता येते. रायफल, पिस्तूल, शॉटगन, नळीच्या तोंडातून दारू ठासायची जुनी बंदूक, या प्रत्येकाचं प्रशिक्षण वेगळं. चाळीस वर्षं शिकार केलेला म्हातारासुद्धा हाच रस्ता चालून येतो. कार्यशाळेचा मोठा भाग नेमाबद्दल नसतोच. आठ वर्षांचं मूल किती वेळ एका जागी उभं राहू शकतं, रडू आलेल्या मुलीशी काय बोलायचं, बापाच्या हट्टापायी आलेला मुलगा कसा ओळखायचा, यावर आमच्यात तासन् तास चर्चा झाली.

मैदानावर शिट्टीचं राज्य असतं. दोन शिट्ट्या झाल्या की मुलांनी रेषेवर यायचं. एक झाली की बाण सोडायचे. तीन झाल्या की सगळ्यांनी मिळून बाण आणायला जायचं. पाच किंवा अधिक वाजल्या की धोका, सगळं थांबवायचं. रायफलच्या रेंजवर नळी कायम सुरक्षित दिशेला, नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर, आणि गोळी भरायची ती हुकूम आल्यावरच. पण मला ज्या नियमानं जिंकलं तो वेगळाच आहे. धोका दिसला तर 'सीज फायर' कोणीही ओरडू शकतं, आणि ते ऐकू आलं की सगळ्यांनी तत्काळ थांबायचं. तो 'कोणीही' म्हणजे तिसरीतली मुलगीसुद्धा. आमच्या रेंजवर एका चिमुरडीला गवतात कुत्रा दिसला आणि ती ओरडली. रेषेवर त्या वेळी सैन्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ शिकवत होते. एक अक्षर न बोलता त्यांनी सगळ्या रायफली रिकाम्या करून खाली ठेवायला लावल्या, मग तिच्याजवळ जाऊन तिचे आभार मानले. मोठ्यांपुढे बोलू नये या शिकवणुकीत मी वाढले. लहान मुलाच्या शब्दाला इतकं वजन देणारी शिस्त मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

आणखी एक गोष्ट इथेच कळली. मुलाला शिकवण्याआधी त्याचा बळकट डोळा कोणता ते पाहतात. दोन्ही तळव्यांचा त्रिकोण करून लांबची वस्तू बघायची आणि एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याला वस्तू जागेवर दिसते, तो बळकट. उजव्या हाताचं मूल डाव्या डोळ्याचं निघालं तर त्याला डाव्या खांद्यावरून नेम धरायला शिकवतात. आपल्याकडे किती मुलं 'नेमच नाही' म्हणून बाजूला पडली असतील!

महाराष्ट्राला नेमबाजीत कमीपणा नाहीच. मुंबईच्या कीर्ती कॉलेजात एनसीसीतून अंजली वेदपाठक, म्हणजे नंतरच्या अंजली भागवत, पुढे आल्या. कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीतून घडला आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलचं कांस्यपदक घेऊन आला. आपल्याच रायगडात, पनवेलला, सुमा शिरूर लक्ष्य शूटिंग क्लब चालवतात. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठलेली ही खेळाडू, द्रोणाचार्य पुरस्काराची मानकरी. पण ही सगळी वाट पदकाकडे जाते. दहा मीटर एअर रायफलमध्ये दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. त्याच्या मागे लागायला पैसा लागतो, वेळ लागतो, पनवेल-मुंबईच्या फेऱ्या लागतात. पदक नको असलेल्या, फक्त स्थिर उभं राहायला शिकू पाहणाऱ्या भिसेगाव-दहिवलीच्या मुलासाठी तालुक्यात कोण आहे?

भारतातली कृषी विद्यापीठं अमेरिकेच्याच धर्तीवर उभारली गेली. संशोधन आलं, विस्तार आला, मुलांची बाजू मात्र तशी रुजली नाही. रायफल राहू द्या, शस्त्र कायद्यानं परवान्याला वयाची एकवीस वर्षं पूर्ण असावी लागतात आणि ते योग्यच आहे. तिरंदाजीला परवाना लागत नाही. कर्जतच्या डोंगरात ठाकूर आणि कातकरी मुलांचे डोळे आणि हात आधीच तयार आहेत. कमतरता आहे ती तपासून घेतलेल्या, शिकवलेल्या, बिनपगारी मोठ्या माणसांची.

डिसेंबरात मी भिसेगावला येते आहे. शिट्ट्यांचे संकेत, रेषा आखायची पद्धत, डोळा तपासायची रीत आणि मुलांशी वागायचे नियम मी मराठीत लिहून आणीन. तालुक्यातल्या कोणा शिक्षकांना किंवा पालकांना यात रस असेल तर त्यांनी आपली एक सुट्टी द्यावी. पहिला दिवस मोठ्यांचा असेल, मुलांना त्यानंतर बोलवू.