वाघाला 'कुला' म्हणणारे

आसामातल्या ताई आहोमांच्या बुरंजींवर, म्हणजे बखरींवर, लिहायचं गेल्या आठवड्यात कबूल केलं होतं, ते पुढं ढकलतोय. परतवाड्याच्या एका वाचकांचं पत्र आलंय आणि त्यांनी बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलंय. ''तुम्ही लाओसच्या डोंगरातल्या ख्मू लोकांत रमलात. आमच्या मेळघाटातले कोरकू दिसले नाहीत का? की तेही गोंडांतच धरले?''

आपल्या नागपूरचं हे नेहमीचंच. शहर वसवलं गोंड राजा बख्त बुलंद शहानं, त्यामुळे सातपुड्यातला कुठलाही आदिवासी आपल्या लेखी गोंड. पण गोंडी द्राविडी, तेलुगूच्या गोतातली. कोरकू मुंडा भाषा आहे, संथाली-मुंडारीची बहीण, आणि त्या कुळातली सगळ्यांत पश्चिमेला येऊन बसलेली. मुंडा ही ज्या ऑस्ट्रोआशियाई कुळाची फांदी, त्यातच खासी, मोन, ख्मेर, व्हिएतनामी येतात. आणि आपले ख्मूसुद्धा! खोऱ्यात भात पिकवणाऱ्या ताई लोकांनी ज्यांना 'खा', म्हणजे गुलाम, म्हणून हिणवलं, त्यांची लांबची भावकी धारणी-चिखलदऱ्यात नांदतेय.

पुरावा हवा? डोळ्याला कोरकूत 'मेद', ख्मूत 'मत', खासीत 'ख्मत'. नाकाला कोरकूत 'मू', ख्मूत 'मुह'. पाणी कोरकूत 'डा', मोनमध्ये 'डाइक'च्या जवळचं. ताई लोक मात्र पाण्याला 'नाम' म्हणतात. आसामातल्या नामदांग, नामरूप या नावांत तेच 'नाम' आहे. आणि माझा लाडका शब्द वाघाचा. कोरकूत 'कुला', खासीत 'ख्ला', ख्मेरमध्येही 'ख्ला'. सेमाडोहच्या जंगलातला 'कुला' आणि कंबोडियातला 'ख्ला' एकाच जुन्या शब्दाची पिल्लं आहेत.

विल्हेल्म श्मिट यांनी १९०६ साली हे कुळ मांडलं, पण सगळ्यांना ते लगेच पटलं नाही. त्यात न पटणाऱ्यांचा दोष नाही. ख्मू, ख्मेर बोलताना कर्ता, मग क्रियापद, मग कर्म. प्रत्ययांचा बाजार फारसा नाही. कोरकूत क्रियापद आपल्या मराठीसारखं शेवटी आणि त्यामागं प्रत्ययांची आगगाडी. घर तेच, पण दारं-खिडक्या उलट्या बाजूला. शिकागोचे नॉर्मन झाइड यांच्यासारख्यांनी वर्षानुवर्षं कोरकूवर काम केलं, तेव्हा कुठे आतले खांब नीट दिसू लागले. 'कोरकू' हे नावच पाहा. 'कोरो' म्हणजे माणूस, 'कू' हा अनेकवचनाचा प्रत्यय. झाली 'माणसं'.

एक सावधगिरी. भाषेचं नातं म्हणजे रक्ताचं नातं नव्हे. लग्नं शेजारी होतात, देव शेजाऱ्यांकडून येतात, गोष्टी तर येतातच. ख्मूंची भोपळ्यातून माणसं निघाल्याची कथा मागे सांगितली होती. तशी कथा मेळघाटात सापडेल म्हणून मी बरीच वर्षं कान टवकारून होतो. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांताच्या जाती-जमातींवरच्या ग्रंथात कोरकूंची उत्पत्तिकथा दिलीय, तिच्यात भोपळा नाही. विंध्य-सातपुडा ओस पडलेला पाहून रावण महादेवाला तिथं माणसं वसवायची विनंती करतो. महादेव कागेश्वर नावाच्या कावळ्याला लाल मातीचं वारूळ शोधायला धाडतो. त्या मातीचे दोन पुतळे होतात, तर इंद्राचे घोडे येऊन ते तुडवतात. मग महादेव कुत्रा घडवतो, कुत्रा घोड्यांना पिटाळतो आणि पुन्हा घडवलेल्या पुतळ्यांत जीव येतो: मुला आणि मुलाई, पहिले कोरकू.

महादेव, रावण, वारूळ, सगळं इथलंच. पण त्या राखणदार कुत्र्याला कोरकूत म्हणतात 'सिटा', आणि ख्मूत 'सॉ'. गोष्ट सातपुड्याची, कुत्रा मेकाँगच्या खोऱ्यातला.

बुरंजी पुढच्या आठवड्यात नक्की. जळगाव जामोदकडची निहाली भाषा मध्येच आडवी आली नाही तर.