एका दस्त्यावर दोन नळ्या

नळी रिकामी आहे याची आधी खात्री करायची, घोडा अर्ध्यावर ओढून ठेवायचा, लाकडात आडवी बसवलेली पाचर सरकवून काढायची आणि नळी तोंडाकडून अलगद वर उचलायची. बुडाचा आकडा खोबणीतून सुटतो आणि २८ इंची अष्टकोनी नळी हातात येते. अमेरिकेतले ठासणीच्या रायफलीचे शौकीन नेमबाजी आटोपली की ही नळी सरळ गरम पाण्याच्या बादलीत उभी करतात. काळ्या दारूची राख हवेतला ओलावा ओढून घेते. नळी तशीच ठेवली तर पोलादाला गंज धरायला फार वेळ लागत नाही.

जी नळी धुण्यासाठी इतक्या सहज निघते, तिच्या जागी दुसरी का बसू नये? बारीक छिद्राच्या बदली नळीची कल्पना याच सोयीतून आली.

आकड्याची ही रचना जुनी आहे. १९ व्या शतकाच्या पूर्वार्धात सेंट लुईस इथे जेकब आणि सॅम्युएल हॉकन हे भाऊ रॉकी पर्वताकडे जाणाऱ्या शिकाऱ्यांसाठी दणकट रायफली घडवत. त्यांच्या रायफलींत ती असे. १९७० मध्ये थॉम्पसन/सेंटर या कंपनीने न्यू हॅम्पशायरमधून ‘हॉकन’ याच नावाची रायफल बाजारात आणली. मूळ रायफलीची ती हुबेहूब प्रतिकृती नव्हती, तरी ठासणीच्या शौकाला तिने नवी पालवी फोडली. पुढे त्याच राज्यातल्या ग्रीन माउंटन या नळ्या बनवणाऱ्या कंपनीने तिच्या दस्त्यात थेट बसतील अशा वेगवेगळ्या छिद्रांच्या नळ्या विकायला काढल्या.

अशा रायफलीचं एक नेहमीचं माप म्हणजे ०.५० इंच, सुमारे १२.७ मिलिमीटर. हरणासाठी ते योग्यच. पण अमेरिकेत खारीची शिकारही होते. तिकडची खार आपल्या अंगणातल्या खारीपेक्षा बरीच मोठी असते आणि तिचं मांस आवडीने खाल्लं जातं. पन्नासच्या गोळीने खाण्याजोगं फारसं काही उरत नाही. पक्षिचित्रकार ऑड्युबॉन यांनी केंटकीतल्या जुन्या नेमबाजांची एक युक्ती लिहून ठेवली आहे: नेम खारीवर धरायचाच नाही, ती बसली असेल तिथल्या सालीवर धरायचा, म्हणजे नुसत्या हादऱ्याने ती खाली पडते. एवढं कसब नसलेल्यांसाठी ०.३२ किंवा ०.३६ इंचाची बारीक नळी हा सरळ उपाय.

खर्चातला फरकही मोठा. पन्नासच्या नळीत बसणारी शिशाची गोल गोळी साधारण साडेअकरा ग्रॅमची, तर बत्तीसची तीन ग्रॅमलाही थोडी कमीच. एक किलो शिसं वितळवलं तर पहिल्या साच्यातून ८७ गोळ्या निघतील, दुसऱ्यातून जवळजवळ ३४५. दारूही कितीतरी कमी लागते आणि खांद्याला धक्का जाणवतही नाही. कागदावर नेम धरायला शिकणाऱ्या मुलाच्या हाती पहिल्यांदा द्यायची ती अशीच नळी.

जुन्या काळी मात्र बंदुकीचा प्रवास उलट्या दिशेने व्हायचा. गंजाने आणि गोळी ठासायच्या गजाच्या घासण्याने नळीतल्या पीळदार खाचा बोथट होत. मग कारागीर त्या पुन्हा खोल करून देई आणि छिद्र थोडं मोठं होई. बरोबर गोळीचा साचाही बदलावा लागे. अशी एकच बंदूक वाढत्या मुलाच्या कपड्यांसारखी माप बदलत जाई. माप कमी करायचं तर दोनच वाटा: जुनी नळी पोखरून तिच्यात खाचांची नवी बारीक नळी बसवायची, नाहीतर अख्खी नळीच बदलायची. दस्त्याला बारीक खिळ्यांनी जखडलेल्या नळ्यांच्या जुन्या लांब रायफलींत तर ते आणखीच किचकट.

तयार बदली नळी म्हणजे लावली की झालं, असं मात्र नाही. नळीची बाहेरची जाडी जुळली पाहिजे. थॉम्पसन/सेंटरच्याच हॉकनची नळी १५/१६ इंचाची आणि तिच्या रेनेगेड नावाच्या बहिणीची पूर्ण एक इंचाची; एकीची दुसरीच्या लाकडात बसत नाही. आकडा खोबणीत घट्ट, न डुगडुगता बसायला हवा. केपाच्या, म्हणजे बार पेटवणाऱ्या छोट्या स्फोटक टोपीच्या, बंदुकीत घोडा केपावर सरळ आणि पूर्ण टेकला पाहिजे. तो तिरपा पडला तर बार फुसका जातो, किंवा केपाचे तुकडे उडतात. माशी आणि मागची खाच दोन्ही नळीवरच असतात, त्यामुळे एकदा जुळवलेला नेम नळी काढल्या-घातल्याने फारसा ढळत नाही. या रचनेतली ही सर्वांत सुखाची गोष्ट.

वजनाचं गणित नवख्याला चकवतं. बारीक नळी हलकी असेल असं वाटतं, पण बाहेरची जाडी तीच आणि छिद्र लहान, म्हणजे आत पोलाद जास्त. पन्नासच्या जागी बत्तीसची नळी लावली की हॉकन सुमारे ४०० ग्रॅमने जड होते, आणि तोंडाकडे झुकते.

गजाचंही तसंच. पन्नासच्या नळीखाली सहसा ३/८ इंचाचा गज असतो, म्हणजे साडेनऊ मिलिमीटरचा. बत्तीसच्या नळीचं छिद्र जेमतेम आठ मिलिमीटरचं. त्यात तो शिरतच नाही. बारीक गज वेगळा घ्यावा लागतो, आणि लाकडाचा असेल तर ठासताना तो मोडण्याची भीती. म्हणून जाणते लोक तो जवळ धरून, थोडा थोडा दाबत नेतात.

कोकणात ठासणीची बंदूक म्हटलं की माकडं आणि रानडुकरं आठवतात. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात शेतराखणीसाठीच्या ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेखही आहे. पण शेतावरची ती बंदूक सहसा गुळगुळीत नळीची, छर्ऱ्यांची. शिवाय आपल्याकडे बंदुकीची दुरुस्ती किंवा तिच्यात बदल करायला परवाना लागतो. नळी बदलणं हा घरच्या ओट्यावर करायचा उद्योग नाही.

जिथे तो कायद्याने करता येतो, तिथेही खरा धोका सवयीचा असतो. पन्नासच्या नळीसाठी लावलेलं दारूचं माप खिशात तसंच राहतं आणि बत्तीसच्या नळीत दुपटीहून जास्त दारू जाते. गोळी दारूवर न टेकता मध्येच अडकली, तर नळी फुगते किंवा फाटते. त्यासाठी प्रत्येक नळीला तिचं माप, तिचा साचा आणि तिचा गज वेगळा ठेवतात. गजावर दोन खुणा कोरलेल्या असतात: एक नळी रिकामी असतानाची, दुसरी बार भरल्यावरची. केप चढवण्याआधी बोट त्या दुसऱ्या खुणेवर टेकवून बघतात.