ॲसिड नको, वायपर द्या!

आपल्या बाथरूममध्ये टाइल्सच्या सांध्यांत दिसणाऱ्या काळ्या रेघा म्हणजे नुसता मळ नव्हे, ती बुरशी आहे. (आम्ही कॉन्व्हेंटवाले तिला फंगस म्हणतो. वास तोच!)

टाइल चकचकीत असते, ती पाणी पीत नाही. पण दोन टाइल्समधली फट मिस्त्री सिमेंटच्या ग्राउटने भरतो. त्यात बारीक छिद्रं असतात आणि ती पाणी ओढून धरतात. नव्या सिमेंटचा पीएच १२ च्या वर असतो, त्यात बुरशीचं काही चालत नाही. पुढे हवेतला कार्बन डायऑक्साइड आत मुरतो, पीएच उतरतो. साबणाचा थर आणि अंगाचं तेल हे खाणं आपणच पुरवतो. स्पोअर्स हवेत असतातच. म्हणजे आपल्या हातात उरतं एकच: पाणी.

आता तुम्ही म्हणाल, ॲसिड ओतलं की रेघा पांढऱ्या होतात ना! होतात. पण तो जो फेस येतो, तो सिमेंट विरघळल्याचा. छिद्रं मोठी होतात, सांधा जास्त पाणी पितो आणि बुरशी पुन्हा हजर. त्यात कोणी ब्लीच मिसळलं तर क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली ईप्र इथे सैनिकांवर सोडला तोच. आणि बंद बाथरूममध्ये तो कोणाच्या छातीत जाणार? सफाईवाल्या मावशींच्या.

मग करायचं काय?

१) आंघोळ झाली की भिंतीवरून आणि मग फरशीवरून वायपर फिरवा. एक मिनिटाचं काम.
२) खिडकी उघडी ठेवा, एक्झॉस्ट अर्धा तास चालू द्या. ओले कपडे आत वाळत घालू नका.
३) आठवड्यातून एकदा साबणाच्या पाण्याने सांधे ब्रशने घासा.
४) डाग जुना असेल तर फक्त पातळ केलेलं ब्लीच लावा. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, दहा मिनिटांनी भरपूर पाण्याने धुवा.
५) गळका नळ दिसला की त्याच दिवशी रजिस्टरमध्ये लिहा.

स्टाफला एक विनंती. पुढच्या दुरुस्तीत जुने सांधे खरवडून एपॉक्सी ग्राउट भरावं. महाग आहे, पण ते पाणी शोषत नाही. तोपर्यंत प्रत्येक बाथरूममध्ये एक वायपर द्या. तो वापरायचं काम आमचं, मावशींचं नाही.